वरच्या पट्टीतला प्रश्न

३ मार्च

ठोकळ्या,

आशीर्वाद, खुशाली वगैरे या पत्रात शोधू नकोस. फोनवर आपण भांडलो की तू आवाज चढवतोस, मी फोन आपटते आणि मुद्दा तिथेच राहतो. म्हणून लिहिते आहे. निदान मध्ये तोंड घालता येणार नाही तुला.

मला घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत औषधं मिसळायच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं लेखी दिलंय. इतकी वर्षं जिथे मी बाकीच्यांना हात धुवायला शिकवलं, त्या खोलीच्या दारावरचा माझा फोटो उतरवलाय.

काय झालं ते नीट सांगते. आमच्या नवजात वॉर्डात ज्या बाळांना दूध पचत नाही त्यांना शिरेतून पोषण देतात. साखर किती, क्षार किती, पाणी किती, हे सगळं बाळाच्या वजनावर ठरतं. ते गणित संगणकावरचं तुझं नोटबुक करतं. एकाखाली एक कप्पे, कप्पा चालवला की तो थांबून प्रश्न विचारतो, आपण चौकटीत उत्तर लिहायचं, की पुढचा कप्पा. तूच करून दिलंस ते, आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी मागितलं म्हणून. "ताईचं काम हलकं होईल," म्हणाला होतास. झालं की. आता मला कामच नाही.

खिडकीजवळच्या काचेच्या उबदार पेटीतलं बाळ अकराशे वीस ग्रॅमचं आहे. त्याच्या पोषणाच्या पिशवीत शेजारच्या बाळाच्या वजनाचा हिशोब गेला, आणि शेजारचं जवळजवळ दुप्पट वजनाचं. लेबलावर खाटेचा नंबर आणि मात्रा होत्या, वजन नव्हतंच, त्यामुळे पिशवी ताडून बघणाऱ्या सहकारिणीलाही काही वावगं दिसलं नाही. वॉर्डातल्या सिस्टरने साखर तपासली, आकडा पाहिला, आधी पिशवी बंद केली आणि मग मला हाक मारली. बाळ आहे. साखर उतरते आहे. पण मेंदूला काही झालं का, ते इतक्यात सांगता येणार नाही म्हणतात.

मी वजन टाकलं होतं. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. एक, एक, दोन, शून्य, ही बोटं अजून माझ्या हातात आहेत. मग ते गेलं कुठे?

आणि तुझे ते प्रश्न. पाण्याच्या प्रश्नाला काही लिहिलं नाही तर ते लाल होऊन अडून बसतं. क्षारांचं रिकामं सोडलं तर गुपचूप शून्य धरतं. एका ठिकाणी "बरोबर आहे का" याला y लिहायचं, दुसऱ्या ठिकाणी १, तिसऱ्या ठिकाणी नुसतं एंटर. एका घरात तीन सासवा असल्यासारखं वागावं लागतं आम्हाला. वजनाच्या प्रश्नाला रिकामं उत्तर गेलं तर काय होतं? हे मला आजवर माहीत नाही, कारण मी ते कधी रिकामं सोडलेलं नाही.

लगेच कळव.

ताई


७ मार्च

ताई,

पत्र वाचलं. तू घरी बसली आहेस हे ऐकून खूप वाईट वाटलं. आईलाही सांगितलं, तीही हळहळली.

वजनाचा प्रश्न रिकामा गेला तर आधीच्या वेळचं वजन धरलं जातं. एकाच बाळाच्या दोन पिशव्या लागोपाठ करायच्या असतील तर पुन्हा पुन्हा टाकायला नको, म्हणून सोय ठेवली होती. मोठ्या बाईंनाच हवी होती ती.

क्षारांचं आणि पाण्याचं वेगळं आहे कारण ते कप्पे मी वेगवेगळ्या वेळी लिहिले. तुम्ही लोक दर आठवड्याला नवीन काहीतरी मागायचात. एकसारखं करायचं राहून गेलं, मान्य. पण म्हणून ते चुकीचं गणित करत नाही.

ताई, राग मानू नकोस. नोटबुक प्रत्येक उत्तराची नोंद ठेवतं. त्या सकाळची नोंद मी पाहिली. वजनाच्या जागी रिकामं उत्तर आहे, आणि पुढे "आधीचं वजन कायम". नोंद खोटं बोलत नाही. तू टाकलं असं तुला वाटतंय, कारण तू रोज टाकतेस. रोजच्या कामात असं होतं, मलाही होतं. मी माझ्या मशीनवर परत परत करून पाहिलं. आकडा लिहिला आणि एंटर दाबलं की तो जातो. एंटर दाबेपर्यंत चौकट कुठेही जात नाही, कप्प्याच्या खाली तशीच थांबून राहते.

माझं ऐकशील तर ताणू नकोस. दमणूक होती, नजरचुकीने राहिलं, असं सांग. तुझं इतक्या वर्षांचं काम आहे, सांभाळून घेतील.

तब्येतीला जप. आत्याला नमस्कार.

ठोकळ्या


१२ मार्च

मला ताई म्हणायचं तूर्त बंद कर.

काल चौकशीची पहिली बैठक झाली. मोठ्या बाईंनी एक कागद वाचून दाखवला. "प्रणाली तयार करणाऱ्याच्या म्हणण्यानुसार फार्मासिस्टने वजन भरलेलं नाही." तारीख दोन मार्च. म्हणजे माझं पत्र तुला मिळायच्या आधी. त्यांनी तुला विचारलं, तू नोंद उघडलीस आणि त्यांना उत्तर देऊन मोकळा झालास. मी कुठे होते? तुझ्या फोनमध्ये माझा नंबर नाही? आणि मग मला पत्रात लिहितोस, खूप वाईट वाटलं, तब्येतीला जप. तुझ्या पत्रात त्या कागदाचा अवाक्षरानेही उल्लेख नाही.

नोंद म्हणते रिकामं पोचलं. तू लिहिलंस भरलंच नाही. ही दोन वाक्यं एकच आहेत का रे? मी पाकीट पोस्टात टाकलं आणि तुला मिळालं नाही, तर तू म्हणणार का की ताईने पत्रच लिहिलं नाही?

त्या खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, मी वजन टाकलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्याच भावाने लिहून दिलंय." तुमच्याच भावाने. बाहेरच्या कोणी लिहिलं असतं तर मी भांडले असते.

सल्ला देतोस, नजरचुकीने राहिलं म्हण. ज्या बाईचं बाळ त्या पेटीत आहे तिला जाऊन हे सांग तू. आणि नजरचूक कसली? उलट त्या सकाळी मी जास्तच जपत होते. आकडा लिहिला, मग वाटलं, खाट बरोबर निवडली ना, म्हणून एंटर दाबायच्या आधी वरच्या कप्प्यावर जाऊन पाहिलं. खाट बरोबर होती. परत आले तर वरची पट्टी पुढचा प्रश्न विचारत होती. म्हटलं, घेतलं वजन. न घेतलं तर पाण्याच्या प्रश्नासारखं लाल होऊन अडेल, हे मी तुझ्याच नोटबुककडून शिकले होते.

मामीचा फोन आला होता. "माझ्या लेकाची नोकरी नवीन आहे, कशाला त्याला गुंतवतेस." मी फोन ठेवला. तिला सांग, गुंतवलं कोणी कोणाला ते आधी विचारून घे.


१५ मार्च

ताई,

तू म्हणालीस तरी मला दुसरं काही म्हणता येत नाही.

एकच विचारतो. वरची पट्टी कुठली? चौकट कप्प्याच्या खाली येते. वर काही येत नाही.

कोणाकडून तरी स्क्रीनचा फोटो मिळव. शक्य तितक्या लवकर.

ठोकळ्या


१८ मार्च

फोटो सोबत आहे. सहकारिणीने काढून दिला, बिचारीने इकडेतिकडे बघत.

बघ नीट. चौकट कप्प्याखाली नाही. स्क्रीनच्या अगदी वर, मधोमध, एक अरुंद पट्टी येते, त्यात प्रश्न असतो. लांब प्रश्न असेल तर शेपूट कापलं जातं. तू वजनाच्या प्रश्नात शेवटी कंसात लिहिलं होतंस म्हणे, "रिकामं सोडल्यास आधीचं वजन". आम्हाला ते कधीच दिसलेलं नाही. आम्हाला दिसतं, "बाळाचं वजन ग्रॅममध्ये लिहा (रिका". त्यापुढे पट्टी संपते. आम्ही समजायचो तुझं टाइप करताना काहीतरी उरलंय. हसायचो सुद्धा. आणि पट्टीच्या बाहेर कुठेही क्लिक केलं की ती मिटते. तुझ्याकडे मिटत नाही ना? आमच्याकडे मिटते.

आता पुढचं ऐक. मी घरी बसून भिंती मोजत नाहीये. आमच्या संगणकवाल्याला गाठलं. तो म्हणाला, सुरक्षेसाठी इस्पितळाने त्या मशीनवरचा ब्राउझर बंद करायला लावला, म्हणून तुझं नोटबुक त्याने पहिल्यापासूनच दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडायची सोय केली. मी म्हटलं, कोणाला विचारलं होतंस? म्हणाला, "विचारलं ना ताई, तुमच्या भावालाच. मेल केला होता." त्याने तो मेल मला दाखवला. त्याने लिहिलंय, नवीन प्रोग्राममध्ये प्रश्न वेगळ्या जागी दिसतात, एकदा तपासून देता का. तुझं उत्तर एका शब्दाचं आहे. "चालेल."

चालेल. असंच म्हणून तू लहानपणी सायकलचा ब्रेक न तपासता मला उतारावर बसवलं होतंस.

तुला हे आठवत नव्हतं की आठवून गप्प होतास, ते मला ठरवता येत नाहीये. दोन्हीपैकी कुठलं बरं, तेही कळत नाही.

माफी मागणारं पत्र पाठवू नकोस, मी ते फाडेन. चौकशी समितीला लिही. काय घडलं ते, तुझ्या शब्दात, तुझ्या सहीने.


२२ मार्च

ताई,

आठवत नव्हतं. तुला खरं वाटणार नाही, पण आठवत नव्हतं. दिवसाला तसे किती मेल येतात.

तोच प्रोग्राम मी इथे बसवला. आकडा लिहिला, वर क्लिक केलं. पट्टी मिटली आणि नोंदीत रिकामं उत्तर आलं. अगदी त्या सकाळसारखं. म्हणजे तू लिहिलं होतंस आणि नोंदही खरी होती. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

समितीला पाठवायचं निवेदन लिहिलंय. आधी तुला दाखवतो:

"सदर घटनेत प्रणालीच्या दृश्य मांडणीतील बदल आणि वापरकर्त्याकडून अपूर्ण राहिलेली कृती, अशा दोन्ही बाजूंच्या घटकांचा एकत्रित परिणाम झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

इथल्या माझ्या साहेबांना विचारून शब्द निवडलेत. ते म्हणाले, यापेक्षा जास्त लिहिलंस तर उद्या कुठलंच इस्पितळ तुला दारात उभं करणार नाही. मी अजून इथे कायम झालेलो नाही, तुला माहीत आहे. पण यानेही तुझ्यावरचा ठपका निम्म्याने उतरेल. बघ, आणि कळव.

बाळ कसं आहे?

ठोकळ्या


२५ मार्च

तुझं निवेदन वाचलं. आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "यात कोण कोणाला काय म्हणतंय?" मी म्हटलं, कोणी कोणाला काही म्हणू नये म्हणूनच असं लिहितात.

दोन्ही बाजू कुठल्या रे? एका बाजूला मी, आकडा लिहून खाट तपासणारी. दुसऱ्या बाजूला तू, न बघता "चालेल" म्हणणारा. "अपूर्ण राहिलेली कृती" म्हणे. ती अपूर्ण राहिली कारण तुझी पट्टी माझ्या बोटाखालून निघून गेली आणि माझ्या वतीने उत्तर देऊन आली. मला निम्मा ठपका नको. माझा असेल तर पूर्ण दे, मी घेते. नसेल तर एक कणही घेणार नाही. अर्धी फार्मासिस्ट असं काही नसतं. मला तिथे परत जायचंय, आणि मी पिशवी भरताना कोणी माझ्या खांद्यावरून वाकून बघत बसलं तर मी ते काम करू शकणार नाही.

बाळ कसं आहे विचारलंस, शेवटच्या ओळीत. पेटीबाहेर काढलंय. सिस्टर म्हणाली, आईचा आवाज आला की मान वळवतं. पुढचं पुढे कळेल.

आता असं कर. कागद पाठवूच नकोस. कागदाला विचारता येत नाही. चार एप्रिलला पुढची बैठक आहे, तू ये. ते मशीन तिथे आणून ठेवणार आहेत, मी तसा अर्जच दिलाय. मामीलाही सांगितलंय तू येतो आहेस. ती रडली, मग म्हणाली, "जाऊ दे त्याला." तुझ्या साहेबांना काय सांगायचं ते तू बघ.

नाही आलास तर मी तुझा तो "चालेल" छापून वाचून दाखवीन. तो एकच कागद पुरेल. पण तो मी वाचण्यापेक्षा तू तुझ्या तोंडाने सांगावास, असं वाटतं. अजूनही वाटतं, त्याचाच मला राग येतो.


१४ एप्रिल

ठोकळ्या,

बैठक संपल्यावर तू मागच्या दाराने निघून गेलास. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. तू जाताना दिसलास. हाक मारली नाही.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

खरं सांगायचं तर तू बोलायला उभा राहिलास तेव्हा मला वाटलं, आला आता तो "शक्यता नाकारता येत नाही". घसा खाकरून तू मांडणी, प्रोग्राम, आवृत्ती असं काहीतरी सुरू केलंस. मोठ्या बाई घड्याळ बघायला लागल्या. तेवढ्यात समितीवर बाहेरून आलेले ते म्हातारे डॉक्टर म्हणाले, "ते राहू दे. तुम्ही एक पिशवी करून दाखवा." आणि तू माझ्या खुर्चीवर बसलास. तीच खुर्ची आणली होती त्यांनी, एक चाक अडकणारी.

तू खाट निवडलीस. वरच्या पट्टीत वजनाचा प्रश्न आला. तू आकडा लिहिलास. आणि डॉक्टरांनी विचारलं, "खाट कुठली घेतलीत?"

तू वरच्या कप्प्यावर क्लिक केलंस, खाट बघायला.

तुला कळलं ते मला तुझ्या मानेवरून कळलं. पट्टी मिटली होती आणि पुढचा प्रश्न आला होता. ज्याने ते लिहिलं, ज्याला आधीपासून माहीत होतं, घरी करून पाहिलं होतं, तोसुद्धा नेमकं तेच करून बसला. मग तू खुर्ची वळवलीस आणि म्हणालास, "माझी बहीण हेच करत होती. ती तपासत होती. मी तपासलं नव्हतं. आणि तिला न विचारता मी लिहून दिलं." एवढंच. एका दमात म्हणालास ते, आणि त्यात एकही घटक, बाजू किंवा परिणाम नव्हता.

तू निघून गेल्यावर डॉक्टरांनी मोठ्या बाईंना विचारलं, ती रिकाम्या उत्तराची सोय कोणी मागितली होती. बाई म्हणाल्या, आठवत नाही. तुमच्या दोघांचं जमेल चांगलं.

अहवालातून तुझं दोन मार्चचं ते वाक्य काढलंय. चूक प्रश्नाच्या रचनेची आणि न तपासता केलेल्या बदलाची, असं लिहिलंय. लेबलावर आता वजन छापायचं ठरलंय. सोमवारपासून मी परत खोलीत आहे. माझा फोटो दारावर लावला, तिरका. मोठ्या बाई म्हणाल्या, "झालं ना आता मनासारखं?" माफी कोणी मागितली नाही. मीही त्यांना चहा विचारला नाही.

बाळ घरी गेलं. त्याची आई जिन्यात समोरून आली, दुपट्यात गुंडाळलेलं ते छातीशी धरून. तिने मला ओळखलं नाही, मी कोण हे तिला कोणी दाखवलेलं नसावं. मी बाजूला होऊन वाट दिली. दर महिन्याला तपासायला आणायचंय त्याला. मी त्या दिवसाची ड्युटी मागून घेतली आहे.

तू पाठवलेलं नवीन नोटबुक काल पोचलं. सगळे प्रश्न एकसारखे झालेत. सगळीकडे "हो" किंवा "नाही" लिहायचं, आपल्या भाषेत, आणि प्रश्न पट्टीत मावेल एवढाच. उशिरा का होईना. पण मी आता तुझ्या शब्दावर जात नाही. पिशव्या सुरू करण्याआधी बसले. अकराशे वीस लिहिलं आणि मुद्दाम बाहेर क्लिक केलं. पट्टी मिटली. पुढे काही गेलं नाही. पुन्हा तोच प्रश्न आला, "वजन मिळालं नाही. किती आहे?" मी पुन्हा बाहेर क्लिक केलं. पुन्हा विचारलं. सहकारिणी म्हणाली, "ताई, पुरे की." मी करतच राहिले. एकदाही त्याने माझ्या वतीने काही धरून घेतलं नाही. मी उत्तर देईपर्यंत विचारत राहिलं.

दोन मार्चला मोठ्या बाईंचा फोन तुला आला तेव्हा तुझ्याकडून मला एवढंच हवं होतं.

माझा राग गेलेला नाही. तो जाईल की नाही, तेही मी तुला आत्ता सांगू शकत नाही. आई म्हणते, पुढच्या महिन्यात तू येतो आहेस. ये. दार मीच उघडेन. आत आल्यावर "जाऊ दे ना ताई" म्हणू नकोस. कशी आहेस ते विचार, आणि मग मी बोलेपर्यंत थांब.

ताई